शाळा व्यवस्थापन समितीचा अधिकार नेमका कुठवर?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शाळा व्यवस्थापन समितीबद्दल दोन समजुती घट्ट रुजल्या आहेत. एक अशी की समितीने ठराव केला की नकोसा शिक्षक गावातून गेलाच पाहिजे. दुसरी अशी की समिती म्हणजे मुख्याध्यापकांनी लिहून आणलेल्या इतिवृत्तावर सह्या करणारी मंडळी. कायद्यात दोन्हींना आधार नाही. त्यातली दुसरी मला जास्त घातक वाटते, कारण तिच्यामुळे पालकांना मिळालेला अधिकार वापराविना पडून राहतो.

पहिल्या समजुतीचा निकाल लवकर लागतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नेमणूक मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, बदल्या राज्याच्या धोरणानुसार होतात आणि कारवाई सेवानियमांप्रमाणे होते. शिक्षक वेळेवर येत नसेल तर समितीने ते नोंदवून वर कळवायचे असते. निलंबन तिच्या हाती नाही आणि शाळेला टाळे ठोकण्याचा हक्क तर कोणालाच नाही. समिती सरपंचांची असते, हेही खरे नाही. स्थानिक प्राधिकरणाच्या लोकप्रतिनिधीला तिच्यात जागा आहे, पण महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. मुख्याध्यापक सचिव असतात.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 21व्या कलमाने ही समिती अस्तित्वात आली. म्हणजे ती कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर उभी नाही. किमान तीन चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान हवे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा करून त्याची शिफारस करणे आणि शाळेला कुठूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही तिची कामे कायद्यातच लिहिली आहेत. मात्र सगळ्या शाळांना एकच माप लावता येत नाही. 2012च्या दुरुस्तीनंतर खासगी अनुदानित शाळांत समितीची भूमिका केवळ सल्ल्याची आहे, आणि विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागूच नाही.

शिफारसच करायची, तर तिला किंमत काय, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर 22व्या कलमात आहे: सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करायच्या योजना आणि द्यायची अनुदाने या आराखड्याच्या आधारे ठरवायची आहेत. वर्गवार अपेक्षित पट, कमी पडणारे शिक्षक, लागणाऱ्या खोल्या हे सारे आराखड्यात नोंदवलेच नाही, तर पुढे मागणी कशाच्या बळावर करणार? आराखडा शाळेतच भरून पालकांपुढे फक्त सहीसाठी येतो तेव्हा हा आधारच हातातून जातो. कमी शिकलेल्या पालकांना हे जमणार नाही, हा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. सदस्य होण्यासाठी कायद्याने शिक्षणाची अट घातलेली नाही. गुरुजी रोज येतात का, मुलांना पोषण आहार नीट मिळतो का, मुलींचे शौचालय वापरण्याजोगे आहे का, हे आईला कोणाही तपासनीसाआधी कळते. अडचण असते ती कळलेले कागदावर आणण्याची, आणि तिथे इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सही न करणे ही पहिली पायरी आहे. समितीचे ऐकले गेले नाही तरी वाट बंद होत नाही. मुलाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार 32व्या कलमाखाली कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे करू शकतो. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.