हशाचा फराळ

दिवाळीचे ताट शेजारी पाठवताना आपल्या घरची गृहिणी मनाशी एक हिशेब करते. पलीकडच्या काकूंना दात नाहीत, म्हणून त्यांना कडबोळ्यांऐवजी बेसनाचा लाडू. वकीलसाहेबांना मधुमेह, म्हणून त्यांना चिवडा जास्त. मोबाइलवरून विनोद वाटणाऱ्या मंडळींनीही एवढा विचार करावा, असे माझे नम्र मत आहे.

विनोद वाटून घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागे, त्या काळी ज्याच्या घरी रेडिओ त्याच्याच घरी शेजारी जमत आणि टेकाडे भावजी साऱ्या आळीचे भावजी होत. १९६१ साली पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे त्यांच्या कॅसेटी निघाल्या. आमच्या बुलढाण्यात 'म्हैस'ची कॅसेट मागायला येणारा रिकाम्या हाताने येत नसे. बदल्यात 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन येई. लक्ष्मण देशपांडे यांचा तो प्रयोग १९७९ पासूनचा. माणूस एक आणि पात्रे बावन्न! त्यातले वऱ्हाड लग्नाचे, बोली मराठवाड्याची. पण नाव ऐकून आम्हां वऱ्हाडकरांची छाती उगीचच फुगे.

आता कॅसेट गेली आणि तुकडा आला. २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' सुरू झाले आणि त्यातून अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली घरोघर पोचली. २०१६ साली 'भाडिपा' आली, २०१८ साली 'हास्यजत्रा'. शिवाय पॉडकास्ट म्हणजे तास-दोन तासांच्या गप्पा. त्यातली नेमकी दोन मिनिटे कापून पाठवणारा रसिक आज प्रत्येक घरात एक तरी सापडतो. २०१८ सालीच व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाच जणांपुढे पाठवता येणार नाही, असा नियम केला. तो अफवांना आळा घालण्यासाठी होता. पण विनोदालाही पाच जण पुष्कळ झाले!

घाटाखाली, नांदुऱ्यास, माझी आत्या एकटी राहते. तिचा मुलगा पुण्यास नोकरीला. तो आईला रोज दहा-बारा तुकडे धाडी आणि आपण तिची विचारपूस केली, अशा समाधानात राही. आत्या त्यातला एकही उघडीत नसे. "इतकं कोण पाह्यते बाप्पा!" असे ती मला म्हणाली, तेव्हा हसत होती, पण त्याचा फोन येऊन किती दिवस झाले, हे तिने बोटांवर मोजून सांगितले.

मी त्याला एवढेच कळवले, की दहा पाठवू नकोस, एक पाठव आणि तोच का, ते दोन ओळीत लिही. पुढच्या रविवारी त्याने एका वऱ्हाडी कलाकाराचा एकच तुकडा धाडला. खाली लिहिले, "आई, हा बाबांसारखा रागावतो." आत्याने तो चारदा ऐकला आणि स्वतः फोन लावला. "तो मानूस त थेट तुह्या बाबासारखाच बोलते रे!" म्हणाली. मग मायलेक तासभर बोलत होते. तुकडा जेमतेम दीड मिनिटाचा होता.

याच मुलाला पुण्यास गेल्यावर 'मले-तुले' म्हणायची लाज वाटू लागली होती, हेही सांगायला हवे. मित्र त्याच्या बोलीला हसत. बोलीला हसणे आणि बोलीतून हसणे यांत फार अंतर आहे. बाबांचा राग ज्या बोलीत होता, त्याच बोलीत हसू आल्यावर ती लाज गेली. परवा त्याने मला फोनवर "कसं काय चालू हाय?" असे विचारले, तेव्हा मी काही बोललो नाही, पण बरे वाटले.

हल्ली आत्याही आवाजी निरोप पाठवते. त्यात विनोद थोडा आणि "दिवाळीले कोन्या गाडीनं येतं?" हेच जास्त असते.