नव्वद अंशांचा पाय

रेडिओ-कंट्रोल विमानांच्या मैदानावर टाळी नेमकी कधी पडते ते एकदा नीट पाहावे. विमान धावले, शेपटी उचलली, जमीन सुटली, तोवर बघ्यांत फारशी हालचाल नसते. तेवढे तर दुकानातून आणलेले फोमचे विमानही करते. विमान पन्नासेक फूट वर गेले की पोटाखालचे दोन पाय हलतात, दुमडतात, पंखात शिरून दिसेनासे होतात आणि मग टाळी पडते. दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान कितीही हुबेहूब रंगवा, हवेत त्याचे पाय लोंबत राहिले तर ते खेळणेच वाटते.

१९३० च्या दशकात विमानांचे वेग वाढले तशी उघडी चाके डोईजड होऊ लागली. वाऱ्याला अडवणारे हे दोन धोंडे कुठेतरी लपवणे भाग होते. प्रत्येक कारखान्याने लपवण्याची आपापली तऱ्हा काढली आणि पुढे त्या तऱ्हेवरूनच विमान ओळखू येऊ लागले. सोव्हिएत आय-१६ च्या वैमानिकाला हाताने दांडा फिरवून चाके वर घ्यावी लागत. फेरे किती, तर ४४. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या आवृत्तीत हातपंप होता. तो उजव्या हाताने मारायचा, म्हणजे स्टिक डाव्या हातात. त्यामुळे नवशिक्याचे विमान उड्डाणानंतर पंपाच्या तालावर वरखाली होई. थंडरबोल्टचा पाय पंखात जाताना सुमारे नऊ इंचांनी आखूड होई. फोके-वुल्फ १९० मध्ये शेपटीचे चाक मुख्य पायाला जोडलेल्या तारेने ओढून वर घेत. वेगळी यंत्रणाच नाही. हे विमान ज्याने रेखले तो कुर्ट टांक पुढे १९५६ मध्ये भारतात आला, बंगळूरला ‘एचएफ-२४ मारुत’ त्याच्या हाताखाली घडले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले.

मॉडेल करणाऱ्यांना या सगळ्यांत छळतो तो कर्टिस कंपनीचा पाय. पी-३६ किंवा हॉक-७५ आणि त्याच सांगाड्यातून निघालेले पी-४०, या दोन्हींचा पाय एकच. तो आत किंवा बाहेर जात नाही, सरळ मागे जातो आणि जाता जाता स्वतःभोवती नव्वद अंशांत वळतो. हात मांडीलगत खाली सोडा, तळवा मांडीकडे. आता हात सरळ ठेवून मागे न्या आणि नेतानेच मनगट असे वळवा की शेवटी तळवा जमिनीला समांतर होईल. तळव्याच्या जागी चाक कल्पिले की झाले. ही युक्तीही कर्टिसची नव्हे. पेटंट बोइंगचे होते आणि कर्टिसला त्यासाठी स्वामित्वशुल्क मोजावे लागे.

एवढा उपद्व्याप कशासाठी, ते मॉडेलचा पंख कापायला घेतला की समजते. एकास सहा प्रमाणात पी-४० करायचे म्हटले तर मूळचा ३७ फूट ४ इंचांचा पंखविस्तार सव्वासहा फुटांच्या आसपास येतो. मूळ चाक तीस इंची, म्हणजे मॉडेलला पाच इंची चाक हवे. पंखाची जाडी मुळाशी जेमतेम पावणेतीन इंच, आणि चाक जिथे निजते तिथे त्याहूनही कमी. पाच इंचांचे चाक त्यात उभे मावणार नाही, आडवेच निजवावे लागेल. हरिकेनप्रमाणे पाय आतल्या बाजूला दुमडला तर चाक आपोआप आडवे होते, पण मग पंखाच्या मधल्या, सर्वांत जास्त भार पेलणाऱ्या भागात मोठे भगदाड पडते. कर्टिसचा मुख्य अभिकल्पक डोनोव्हन बर्लिन याने पाय मागे नेला, पंख शाबूत ठेवला आणि त्याची किंमत त्या पिळात चुकवली. पाय वळतो त्या जागी पंखाच्या पुढच्या कडेखाली गुडघ्यासारखा फुगवटा आला. पी-४० दुरून ओळखण्याची ती एक खूणच झाली.

आता कामाला लागू. सांगाड्याविषयी फार लिहीत नाही. बाल्साच्या रिब, प्लायचे फॉर्मर, स्प्रूसचे स्पार, वर बाल्साची पातळ चादर आणि तिच्यावर रेझिनमध्ये भिजवलेले काचकापड, हे बहुतेक लढाऊ मॉडेलांना सारखेच. धीर धरला तर कोणालाही जमते. खरी कसोटी रिट्रॅक्ट, म्हणजे दुमडणारे पाय, बसवताना लागते.

वळणाऱ्या रिट्रॅक्टचे तत्त्व साधे आहे. पाय ज्या खिळीवर झुलतो तिच्याशेजारी एक बेव्हल गिअर पक्का बसवलेला असतो. पायाच्या वरच्या टोकाला दुसरा छोटा गिअर. पाय मागे झुलला की छोटा गिअर मोठ्यावरून लोळतो आणि पायाला पीळ देतो. काही बनावटींत गिअरऐवजी बॉल-जॉइंटची एक काडी असते. तिचे एक टोक चौकटीला आणि दुसरे पायावरच्या आडव्या कानाला. पाय झुलला की काडी कान ओढते. दोन्हींत वेगळी मोटर लागत नाही, झुलण्यातूनच वळणे निघते. अमेरिकेतली रोबार्ट कंपनी असे तयार पाय विकते. ते परवडत नसतील तर भोसरी किंवा सातपूरच्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे लेथ-मिलिंगवर करून घेता येतात. फक्त ड्रॉइंग नीट द्यावे, आणि हे कशाचे आहे असे विचारल्यावर खरे सांगावे; चांगला टर्नर मग दोन सूचना स्वतःहून करतो.

सगळा घोळ ढिलाईत आहे. गिअरच्या दातांत अगदी थोडी फट राहिली तरी पायाच्या खालच्या टोकाला चाक दोन-तीन अंश इकडेतिकडे हलते. शेपटीवर बसणाऱ्या विमानाची पुढची चाके किंचित आतल्या बाजूला तोंड करून असावी लागतात. ती ढिलाईमुळे बाहेर तोंड करू लागली की धावपट्टीवर विमान गरकन फिरते आणि पंखाचे टोक जमिनीला घासते. म्हणून पाय खाली आल्यावर दोन गोष्टी कुलूपबंद व्हाव्या लागतात: झुलणेही आणि वळणेही. साध्या रिट्रॅक्टमध्ये पहिलीच पुरते. पाय हाताने धरून पिळून पाहावा. चाक हलत असेल तर पंखावर चादर चढवायची घाई करू नये, कारण नंतर ते दुरुस्त करायला पंख फोडावा लागतो.

पाय चालवायचा कशाने, यावर हौशी मंडळींत दोन पक्ष आहेत. जुना पक्ष हवेचा. विमानात एक छोटी टाकी, ती उड्डाणापूर्वी पंपाने साधारण १०० पीएसआयपर्यंत भरायची. सर्व्हो एक व्हॉल्व्ह सरकवतो, हवा सिलिंडरच्या एका बाजूला जाते, पाय वर. दुसऱ्या बाजूला गेली की पाय खाली. हलके, जोरकस, पण गळतीला वाव फार. एखादी ओ-रिंग कोरडी पडली, नळीचा टी-जोड सैल झाला की टाकी हवेतच रिकामी होते आणि पाय अर्ध्यात अडकतात. गळती शोधायला साबणाच्या पाण्याइतके दुसरे साधन नाही. नवा पक्ष विजेचा: छोटी मोटर, लांब आटे असलेला स्क्रू, त्यावर सरकणारा ठोकळा. ठोकळा टोकाला पोचला की मोटरचा करंट वाढतो, सर्किट तो ओळखून मोटर बंद करते. नळ्या नाहीत, टाकी नाही. माझे मत विचाराल तर नव्याने करणाऱ्याने विजेचेच घ्यावेत. त्यात एक मेख मात्र आहे. गवताची काडी अडकून चाक थांबले तरी सर्किटला वाटते की टोक आले, आणि ते मोटर बंद करते. पाय कुलपाविना तसाच लोंबत राहतो.

खरेपणाचा प्रश्न वेगाचा आहे. हवेचा पाय मोकळा सोडला तर तो खटकन, अर्ध्या सेकंदात वर जातो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. खऱ्या पी-४० मध्ये वैमानिक आधी लिव्हर ‘वर’ करी आणि मग स्टिकवरचे बटण दाबून धरी. ते विजेवरचा हायड्रॉलिक पंप चालवी. पाय सावकाश जात. म्हणून मॉडेलमध्ये नळीत अडसर घालून हवा मंद करावी, विजेच्या पायाला वेग कमी करण्याची सोय असते ती वापरावी, आणि एक पाय दुसऱ्याच्या किंचित मागे राहील असे मुद्दाम ठेवावे. दोन्ही पाय अगदी एकदम, कवायतीतल्यासारखे वर गेले की डोळ्याला खोटे वाटते. शेपटीचे चाकही विसरू नये. पी-४० चे तेही आत जाते आणि त्याला दोन इवलीशी दारे आहेत. मुख्य चाकांना मात्र पूर्ण झाकणारी दारे नाहीत. ती पंखाच्या खळग्यात उघडीच निजतात आणि खळग्याला आतून कॅनव्हासचे अस्तर असे. मॉडेलमध्ये त्या जागी खाकी सुती कापड चिकटवले तर परीक्षक खाली वाकून बघतात. उत्साही लोक तर रिव्हेटही करतात: सिरिंजमधून पांढऱ्या गोंदाचा एकेक ठिपका, ओळीने, हजारोंच्या संख्येने. घरच्यांचा संयम जिथे संपतो तो हा टप्पा.

पाय मागे जातो याचा एक परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चाके, पाय, स्प्रिंगा मिळून चांगले वजन होते आणि ते दुमडल्यावर मागे सरकते, त्यामुळे विमानाचा तोलही मागे सरकतो. जमिनीवर, पाय खाली असताना तोल साधला आणि तो मागच्या मर्यादेवर असला, तर हवेत पाय दुमडताच विमान शेपटीजड होते. शेपटीजड विमान हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. तेव्हा पी-४० चा तोल पाय वर घेऊनच साधावा, मग पाय खाली घेऊन पुन्हा पाहावा. पी-४० चे नाक लांब असल्याने त्यात शिसे थोडके लागते. हॉक-७५ चे नाक आखूड, तिथे शिशाची तयारी ठेवावी.

वजनाचाही हिशेब मजेचा आहे. खरे पी-४०ई भरलेले असताना ३,७०० किलोंच्या वर जाई. एकास सहाच्या मॉडेलात आकारमान २१६ पटींनी कमी होते, त्या हिशेबाने मॉडेल सतरा किलोंचे व्हायला हवे. तेवढे झाले तर ते दगडासारखे उतरेल. सहा-सात किलोंत आटोपले तर ते शोभेल असे उडते. म्हणून पायाचा प्रत्येक बोल्ट वजनकाट्यावर ठेवून बघितला जातो. जाता जाता: जमिनीवर मिरवायला तीन पात्यांचा पंखा लावतात आणि उडवायला दोन पात्यांचा. सगळे असेच करतात, त्यात लाज नाही.

उतरताना एक पाय खाली आला आणि दुसरा आलाच नाही, तर काय? उत्तर ठरलेले आहे: आलेला पायही वर घ्या आणि गवतात पोटावर उतरवा. पंखा तुटेल, पोट खरवडेल, विमान वाचेल. एका पायावर उतरवण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, ते पुढचे दोन महिने पंख जोडत बसतात.

पी-४० म्हटले की बहुतेकांना नाकावर रंगवलेले शार्कचे दात आठवतात. ब्रह्मदेशात आणि चीनमध्ये क्लेअर शेनॉल्टच्या ‘फ्लाइंग टायगर्स’नी ते गाजवले, पण दात त्यांचे नव्हेत. त्यांनी ते उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश ११२ स्क्वाड्रनवरून घेतले आणि त्या स्क्वाड्रनने जर्मनांवरून. दहा मॉडेलांतली आठ याच दातांची निघतात. खरे सांगायचे तर कंटाळा आला आहे.

कारण याच पायाची आपल्याकडची गोष्ट कोणी करत नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजच्या ‘एचएएल’ची ती सुरुवात. चीनसाठी विमाने जोडणारा अमेरिकन विल्यम पॉली त्यांच्या मदतीला होता. १९४१ मध्ये तिथे हार्लो हे शिकाऊ विमान उडाले आणि जुलै १९४२ मध्ये तिथेच जोडलेले कर्टिस हॉक आकाशात गेले, हेच मागे जाणारे, वळणारे पाय घेऊन. तोवर सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला होता; आपल्या कारखान्यातले लढाऊ विमान उडाले तेव्हा मालकी त्यांच्याकडे उरली नव्हती. ब्रिटिश हवाई दलात या हॉकला मोहॉक म्हणत. ५ आणि १५५ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी ती बंगाल-आसामकडून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरली, बरोबरीची विमाने नसताना.

तेव्हा पी-४० चा आराखडा काढून बसलेल्या हौशींना एक विनंती. पंखविस्तार तोच, पाय तोच, गिअरही तोच. फक्त नाकावर नऊ सिलिंडरचे गोल इंजिन आणि थोडे जास्त शिसे. २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोंपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात हौसेसाठी उडवायच्या मॉडेलांचा वेगळा वर्ग आहे. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आपले मैदान हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी बघा. आणि पुढचे विमान बंगळूरचे हॉक करा. दात रंगवण्याचा वेळही वाचेल.