बाबांचा गुरुवार

पिंपरी, चिंचवड, भोसरीकडच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले होते, त्यात बाबांच्या वाट्याला गुरुवार आला. आई शाळेत शिकवायची, तिची सुट्टी रविवारी. दादाची आणि माझीही रविवारीच. चौघं एका दिवशी घरात असायचो ते फक्त सणाला, आणि सणाला आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत वीकेंड कधी उजाडलाच नाही. उजाडायचा तो बाबांचा गुरुवार.

दुपारची शाळा साडेपाचला सुटायची. फाटकाबाहेर निळी चेतक दिसली की पोटात गुदगुल्या व्हायच्या. बाबा एवढंच विचारायचे, "निघूया का?" कुठे, ते सांगायचे नाहीत. खरं तर त्यांचंही तोवर ठरलेलं नसायचं. दादा पुढे हँडलला धरून उभा, मी मागे, दप्तरं डिकीत आणि मांडीवर. आईच्या शाळेवरून तिला घ्यायचं. आम्ही दोघं, ती, बाबा, असे चौघं एका स्कूटरवर. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो, पण तेव्हा पुण्यातली निम्मी कुटुंबं अशीच हिंडत होती.

ती स्कूटर नोंदवली तेव्हा मी मांडीवरची होते. चेतक १९७२ मध्ये आली, आकुर्डीचा कारखाना बाबांच्या रोजच्या वाटेवर, तरी नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आमचा लागला १९८२ साली. बाबांनी स्कूटर घरी आणली, तेव्हा वाड्यातल्या सगळ्यांनी तिला ओवाळलं. एक गोष्ट आता उलगडते आहे. गाडी मिळायला दहा वर्षं लागली, पण मिळाल्यावर निघायला दोन मिनिटं पुरायची. थंडीत सुरू झाली नाही तर बाबा ती एका अंगावर कलती करायचे, पुन्हा सरळ करून किक मारायचे, आणि आम्ही निघालेलो असायचो. आज शोरूममधून गाडी आठवड्यात दारात येते. निघायचं मात्र चार दिवस आधी ठरवावं लागतं.

बहुतेक वेळा आम्ही कात्रजला जायचो. स्वारगेट मागे पडलं की पुढे रस्ता मोकळा. घाटाच्या पायथ्याशी तळ्याकाठी भेळ खायची, अंधार पडायच्या आत परत. सर्पोद्यान १९८६ मध्ये झालं, त्याच्या आधी तिथे बघायला तसं काही नव्हतं. वारा होता आणि गावाबाहेर आल्याची भावना होती. निघाल्यापासून वीस मिनिटांत आम्ही 'बाहेरगावी' पोचायचो. परवा संध्याकाळी मला तेवढ्याच अंतराला सव्वा तास लागला, आणि पोचले तेव्हा बाहेरगाव लागलंच नाही. शहर संपेल म्हणून वाट पाहत होते, ते पुढे सरकत राहिलं.

बाहेर खाणं या शब्दाला तेव्हा जरा अपराधाची कड होती. खाणावळीत जेवायचे ते एकटे राहणारे नोकरदार आणि बाहेरगावचे विद्यार्थी. टिळक रस्त्यावरचं बादशाही १९३२ चं, पूना गेस्ट हाऊस १९३५ चं. ती पोट भरण्याची ठिकाणं होती, चैनीची नव्हेत. कुटुंबाला घेऊन हॉटेलात जायचं तर 'फॅमिली रूम' लिहिलेल्या लाकडी खणात, पडद्याआड बसायचं. आईला तो पडदा अजिबात आवडायचा नाही. "आपण काय चोरी करतोय का?" असं म्हणून ती तो सारून टाकायची. मला वाटतं, त्या पिढीतल्या अनेक बायकांनी असे पडदे हाताने सारले, म्हणूनच पुढच्या पिढीतल्या मुली फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत मैत्रिणींबरोबर तासन् तास बसू शकल्या. हा बदल कुठे नोंदला गेला नाही, म्हणून इथे नोंदवते.

आम्ही हॉटेलात जायचो ते वर्षातून चारदा. निकाल, बोनस, आईचा वाढदिवस, आणि एखादा विनाकारण गुरुवार. चौघांत तीन मसाला डोसे. वेटर एका दमात पदार्थांची नावं म्हणायचा, आम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्यायचो आणि डोसाच सांगायचो. आई तिच्या वाट्याचा अर्धा आम्हाला द्यायची आणि सांबाराची दुसरी वाटी मागायची. बिलाबरोबर स्टीलच्या बशीत बडीशेप यायची, ती दादा खिशात घालायचा. नव्वदीनंतर पगार वाढले तसे पदार्थ बदलले. पावभाजी आली, पनीरच्या भाज्या आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर चायनीजच्या गाड्या लागल्या, गावाबाहेर हिरवळीवर टेबलं मांडलेली गार्डन रेस्टॉरंट निघाली. महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. ते तीन डोसे आठवतात.

त्या वर्षांतला मोठा बेत म्हणजे सिंहगड. पायथ्यापर्यंत पीएमटीची बस, मग चढण. वर झोपडीत बसून पिठलं-भाकरी, कांदाभजी, आणि मातीच्या मडक्यातलं दही. गडावरच्या त्या बायका डोक्यावर दह्याची मडकी घेऊन खालून वर चढायच्या. आम्ही चार वेळा बसत-उठत जायचो आणि त्या बोलत बोलत आमच्या पुढे निघून जायच्या. त्यांच्या त्या चढणीमुळे त्या दह्याला चव आहे, असं आई म्हणायची. ते मला आजही पटतं. गडाच्या वाटेवर खडकवासला लागायचं. धरणाच्या भिंतीजवळ भाजलेलं कणीस, गार वारा, लांबवर पाणी. तेव्हा खडकवासला म्हणजे सहल. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यात खडकवासलाही आलं. सहलीचं ठिकाण घरपट्टीच्या हद्दीत आलं, आणि पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी धरणाकाठच्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नाही.

लग्नानंतर मी कोथरूडला आले. तेव्हा पौड रस्त्याच्या टोकाला चांदणी चौक म्हणजे उंचावरची मोकळी जागा होती. कोजागरीला आम्ही थर्मासमध्ये मसाला दूध भरून तिथे जायचो आणि खाली शहराचे दिवे बघत बसायचो. मुलगा लहान होता, तो दिवे मोजायचा आणि मध्येच झोपून जायचा. पुढे त्याच चौकात इतकी कोंडी व्हायला लागली की मधला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री स्फोटकांनी पाडला. आम्ही गच्चीवरून आवाज ऐकला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा पूल खुला झाला, वाहतूक खरोखर सुटली, आणि ते गरजेचंच होतं. पण तिथे आता थांबता येत नाही. त्या सगळ्या रॅम्पांवर दूध प्यायला बसायची जागा नाही, हे मला खुपतं.

मुंबईहून परतताना खंडाळ्याच्या घाटात अमृतांजन पूल लागायचा. १८३० सालचा. बामच्या जाहिरातीवरून नाव पडलेला. तो दिसला की घाट चढून संपल्याची खात्री व्हायची आणि गाडीतले झोपलेलेही जागे व्हायचे. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, ९४ किलोमीटरांचा, आणि मुंबई एकदम जवळ आली. सकाळी ठरवून दुपारी दादरला मावशीकडे जेवायला जाणं शक्य झालं. मी ती सात-आठ वर्षं मनापासून उपभोगली. मग शनिवारी सकाळी घाटात रांगा लागायला लागल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्ता ओस पडला होता, ती संधी साधून पूल पाडला. बातमी बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

त्याच टाळेबंदीत मी पहाटे कर्वे रस्त्याच्या मधोमध चालत गेले होते. नळस्टॉपला उभी राहिले तर कोकीळ ऐकू येत होती. वाटलं, हे शहर इतकं जवळ जवळ आहे? सगळं एका चालण्यात. नंतर रस्ते भरले ते पहिल्यापेक्षा जास्त. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या जागतिक मोजणीत पुणं चौथं होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त. आकडा बघून मला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं ते एवढ्यासाठी की यातली किती मिनिटं कोणाच्या तरी गुरुवारातून गेली असतील.

वीकेंड मात्र आला, आणि सगळ्यांना एकदम आला. हिंजवडीच्या कंपन्यांनी दोन दिवसांची सुट्टी आणली, २०१५ पासून बँकांना दुसरा-चौथा शनिवार मिळाला, राज्य सरकारी कार्यालयांना २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. माणसांना विश्रांती मिळाली याचा मला आनंदच आहे. माझ्या आईला अशी सुट्टी कधी मिळाली नाही. पण पूर्वी सुट्ट्या वारावारांत वाटल्या होत्या, तसे रस्तेही वाटले जायचे. आता शनिवारी सकाळी सातला अख्खं शहर ताम्हिणीकडे, लोणावळ्याकडे, वाईकडे एकदम तोंड करून निघतं. कासच्या पठारावरची फुलं बघायलाही आधी नोंदणी करावी लागते, कारण पायदळी तुडवली जाऊन ती संपली असती. नोंदणी योग्यच आहे. फुलांना वाचवायचं तर आपल्या अचानकपणाला मुरड घालायलाच हवी.

आणि गर्दी नुसती खोळंबा करत नाही. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पावसाचं पाणी बघायला आलेली माणसं त्यावर उभी होती. चौघं गेले. पाणी बघायला आम्हीही तसेच जायचो, ठरवल्याशिवाय, मुलांना कडेवर घेऊन. पण तेव्हा पुलावर आठ-दहा माणसं असायची. त्या बातमीनंतर मी कितीतरी दिवस मुलाला फोन करून विचारत होते, कुठे आहेस.

आता तर बाहेर जाऊन खाण्याऐवजी बाहेरचंच घरी येतं. पावसात मुलगा मोबाइलवर बिर्याणी मागवतो, तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहते. आपण ज्या कोंडीला कंटाळून घरात बसलो, त्या कोंडीतून दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन येतो आहे. नकाशावर त्याची छोटी गाडी पौड फाट्याला थांबते, मग बराच वेळ तिथेच असते. तो भिजलेला वर येतो, तेव्हा त्याला आधी पाणी आणि टॉवेल द्यायचा, हा आमच्या घरचा नियम आहे.

बाबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. आईला जाऊन सहा वर्षं झाली. चेतक कधीच विकली, तिची किल्ली मात्र त्यांच्या कपाटात आहे. गेल्या जानेवारीत सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "आज वार कोणता गं?"

"गुरुवार, बाबा."

"मग निघूया का?"

मी गाडीची किल्ली घ्यायला उठले आणि थांबले. दहा वाजले होते, कर्वे रस्ता कसा असेल ते माहीत होतं. मग त्यांना हाताला धरून वनाझ स्टेशनला नेलं. मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली, तरी ते तोवर कधी बसले नव्हते. सरकत्या जिन्याला बिचकले, म्हणून लिफ्टने वर गेलो. एका कॉलेजच्या मुलीने उठून खिडकीजवळची जागा दिली. खाली गाड्यांची रांग, वर आम्ही. नळस्टॉप, गरवारे कॉलेज. नदीकाठी डेक्कनला उतरलो, हळूहळू चालत गुडलकला गेलो. १९३५ पासूनचं हे कॅफे. कॉलेजात असताना ते इथेच यायचे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बनमस्का आला. त्यांनी तो चहात बुडवला, दोन घास खाल्ले, आणि राहिलेला अर्धा माझ्या बशीत ठेवला.

"बाबा, तुम्ही खा ना."

"तुझी आई असंच करायची," ते म्हणाले, आणि वेटरकडे वळून त्यांनी आणखी एक मागवला.