माळ्यावरचा रेडिओ

पूर्वी पेढीवर गादीशेजारी व्हॉल्व्हचा रेडिओ असे. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत वीस-तीस सेकंद थांबावे लागे. ठाण्यात बनलेला मर्फी असो वा फिलिप्स, टपाल कार्यालयाचा परवाना आवश्यक होता. दिवसा बाजारभाव, बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला आणि १९५७ पासून विविध भारती, असा त्याचा दिनक्रम असे.

आज माळ्यावर पडलेला असा संच थेट विजेला जोडू नये. जुने कंडेन्सर बहुधा निकामी झालेले असतात; आधी जाणत्या कारागिराला दाखवावा.

संग्राहकांनी आणखी एक भान ठेवावे. तत्त्वार्थसूत्राने मूर्च्छेला, म्हणजे ममत्वाला, परिग्रह म्हटले आहे. दहा मुके संच साठवण्यापेक्षा एक बोलता ठेवावा. उरलेले दुरुस्त करू शकणाऱ्याच्या हाती सोपवावेत.