दिल्लीची सहल सोमवारपासून आखा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दिल्ली दाखवायची असं ठरलं की बहुतेक घरांत आधी हॉटेलं बघायला सुरुवात होते. ते काम शेवटी ठेवा. आधी कागदावर सात वार लिहून काढा आणि सोमवारवर फुली मारा. त्या दिवशी लाल किल्ला बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल हेही सोमवारीच बंद. शुक्रवारी ताजमहाल आणि दिल्लीचं प्राणिसंग्रहालय बंद. रविवारी चांदणी चौकातल्या बहुतेक दुकानांना कुलूप.

म्हणून सोमवार कुतुबमिनारला द्यावा. तो आठवड्याचे सगळे दिवस उघडा असतो. हुमायूनची कबर, जंतरमंतर, राष्ट्रीय समर स्मारक, लोदी बाग ही ठिकाणंही सोमवारी पाहता येतात. रविवारची सकाळ असेल तर आसफ अली रस्त्यावरच्या महिला हाटमधला जुन्या पुस्तकांचा बाजार चुकवू नका. पूर्वी तो दर्यागंजच्या पदपथांवर भरायचा. आग्र्याला एका दिवसात जाऊन यायचं तर निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस सोयीची. ताज बंद म्हणून ती गाडीही शुक्रवारी धावत नाही.

वार जुळले की तिकिटं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. समजा २५ ऑक्टोबरला निघायचं आहे, तर २६ ऑगस्टला सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसायला हवं. ३१ ऑक्टोबरच्या परतीच्या गाडीचं आरक्षण १ सप्टेंबरला उघडतं. लोक नेमकी हीच दुसरी तारीख विसरतात आणि परतीला प्रतीक्षा यादीत अडकतात. आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी काही दिवस आधीच उरकून ठेवा. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, नको असेल तर अर्धं. रात्रभराच्या प्रवासात दहा वर्षांचं मूल आईच्या बर्थवर दाटीवाटीने झोपवण्यापेक्षा पूर्ण तिकीट काढलेलं बरं, कारण दुसऱ्या दिवशी त्याला चालायचं असतं. तिकिटावर उतरायचं स्थानक नीट वाचा. मुंबई सेंट्रलची राजधानी नवी दिल्लीला पोचते, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची राजधानी हजरत निजामुद्दीनला.

आता हॉटेल. ते मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेजवळ घ्या. चांदणी चौक, नवी दिल्ली, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय, लोदी बागेजवळचं जोरबाग आणि कुतुबमिनार ही सगळी स्थानकं या एकाच मार्गिकेवर आहेत, गाडी बदलावी लागत नाही. मार्गिकांना रंगांची नावं असल्याने मुलं दुसऱ्या दिवशी नकाशा स्वतः वाचू लागतात. तो त्यांच्याच हाती द्या. कुतुबमिनार स्थानकापासून मिनार मात्र बराच लांब आहे, तिथून रिक्षा करावी.

दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, एक सकाळी आणि एक चारनंतर. लाल किल्ल्याला अख्खी सकाळ द्या, कारण तिथे आपला इतिहास आहे आणि तो सांगायला वेळ लागतो. १६४८ मध्ये शाहजहानने हा किल्ला पुरा केला. आतल्या दिवाण-इ-खासचं छत तेव्हा चांदीचं होतं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा खजिन्यात पैसा नव्हता आणि फौजेचा पगार थकला होता. भाऊंनी ती चांदी उतरवून वितळवली आणि तिची नाणी पाडली. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. हे मुलांना घरी सांगू नका. त्या दालनासमोर उभं राहून, वर बोट दाखवून सांगा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, फक्त वयाचा पुरावा जवळ असू द्या. माझं मत विचाराल तर, मुलं सातवी-आठवीत असतील तेव्हा आग्र्याऐवजी पानिपतला जावं. दिल्लीपासून ते साधारण नव्वद किलोमीटरवर आहे आणि तिथल्या काला अंब स्मारकापाशी या गोष्टीचा उरलेला भाग सांगता येतो.

राहिली हवा, आणि इथे हयगय चालणार नाही. पाऊस संपला की उत्तरेत वारा पडतो. थंड, जड हवा जमिनीलगत साचते आणि वाहनांचा धूर, पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळल्याचा धूर, फटाक्यांचा धूर तिच्यातच कोंडून राहतो. त्यामुळे सुट्टी लक्ष्मीपूजनाच्या आधी सुरू होत असेल तर ते दिवस घ्या. दिवाळीनंतरची दिल्ली बहुधा जास्त वाईट असते. निघण्याआधी आठवडाभर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक रोज पाहा. तो ३०० च्या वर गेला की हवा 'अत्यंत वाईट' आणि ४०० च्या वर 'गंभीर' धरतात. तशा दिवशी लोदी बाग सोडून द्या आणि संग्रहालयात बसा. आणि घरातल्या मुलाला दमा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीचा बेत करूच नका.