चार टेबलं, एक खिसा : पोकरमधल्या बँकरोलचा हिशेब

आजचा भाग आकडेमोडीचा आहे, तेव्हा कागद-पेन जवळ असलेलं बरं.

मी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहतो. आऊटर रिंग रोड आणि व्हाइटफील्डच्या मधला हा आयटीवाल्यांचा भाग. इथल्या पीजींमध्ये कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची मुलं पुष्कळ. पगार बरा, घर लांब, रात्र मोकळी. त्यातून ऑनलाइन पोकर बऱ्याच खोल्यांत शिरलं. एका लॅपटॉपवर चार-चार टेबलं उघडून बसणारे मी पाहिलेत. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा : "दादा, चार टेबलांना पैसे किती लागतात?"

आधीच सांगतो, पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन पोकरवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. तरी हा हिशेब समजून घ्यायला हवा. कारण परदेशी साइट्सच्या लिंक मोबाइलवर येतच असतात, आणि "चार टेबलं म्हणजे चौपट कमाई" हे वाक्य अजून लोकांच्या डोक्यात आहे.

बँकरोल म्हणजे काय?

फक्त खेळासाठी वेगळी काढलेली रक्कम. ती पूर्ण बुडाली तरी घरभाडं, हप्ता, आईचं औषध यांपैकी काहीही अडता कामा नये. क्रेडिट कार्डाची मर्यादा किंवा मित्राकडून घेतलेले उसने म्हणजे बँकरोल नव्हे.

आता उदाहरण घेऊ. ५-१० रुपयांचं टेबल. मोठा ब्लाइंड १० रुपये. बसताना १०० ब्लाइंड, म्हणजे १,००० रुपये घेऊन बसायचं. हा झाला एक बाय-इन. जुना ठोकताळा सांगतो, निदान २० बाय-इन हवेत. म्हणजे २०,००० रुपये.

एका टेबलावर बसलात तर बँकरोलचा ५ टक्के भाग डावावर असतो. चार टेबलं उघडलीत की तोच भाग २० टक्के होतो. सन २००० चा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा विजेता ख्रिस फर्ग्युसन याने शून्यापासून १०,००० डॉलर करून दाखवताना स्वतःला नियम घातले होते : बँकरोलच्या ५ टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊन टेबलावर बसायचं नाही, आणि समोरची रक्कम १० टक्क्यांच्या वर गेली की उठायचं. चार टेबलं खेळणाऱ्याने ही १० टक्क्यांची मर्यादा सगळ्या टेबलांच्या बेरजेला लावावी. म्हणजे याच खेळाला २० नव्हे, ४० बाय-इन लागतात.

चार टेबलांवर खरं काय बदलतं?

टेबलं वाढल्याने प्रत्येक डावातलं नशीब बदलत नाही. बदलतात दोन गोष्टी : वेग आणि लक्ष.

एका ऑनलाइन टेबलावर तासाला साधारण ७५ डाव होतात, चार टेबलांवर ३००. पण लक्ष चार ठिकाणी वाटलं जातं. समोरचा कसा खेळतो हे टिपायला वेळ उरत नाही, ठरावीक चाली खेळल्या जातात, आणि जिंकण्याचा दर घसरतो.

समजा, एका टेबलावर तुम्ही दर १०० डावांमागे ५ ब्लाइंड कमावता. रेक, म्हणजे खेळवणारा प्रत्येक डावातून कापून घेतो ती रक्कम, वजा जाऊन. हा चांगला दर आहे. चार टेबलांवर तो २ वर आला असं धरू. तासाची कमाई एका टेबलावर साडेसदतीस रुपये, चारवर ६० रुपये. कमाई वाढली! म्हणूनच माणूस चार टेबलं सोडत नाही.

आता दुसरी बाजू बघा. १०० डावांमागे ९० ब्लाइंडचा चढउतार धरला, तर २० बाय-इनवर सगळं बुडण्याची शक्यता ५ च्या दराला साधारण ८ टक्के येते. दर २ वर आला की तीच शक्यता ३७ टक्के. पुन्हा ८ टक्क्यांवर यायचं असेल तर ५० बाय-इन हवेत. म्हणजे २०,००० ऐवजी ५०,००० रुपये अडकवायचे, आणि तासाला मिळणार साडेबावीस रुपये जास्त! शिवाय त्या सरासरी ६० रुपयांभोवती एका तासात दीड हजार रुपये वर किंवा खाली होणं अगदी नेहमीचं.

"पण मी तर जिंकतोय!"

कशावरून? १०,००० डाव चार टेबलांवर ३३ तासांत होतात. त्या १०,००० डावांनंतरही तुमच्या दरात ९ ब्लाइंड इकडेतिकडे होण्याइतकी अनिश्चितता असते. वहीत ५ चा नफा दिसत असेल, तरी खरा दर उणे ४ असू शकतो. दर उणे असेल तर कुठलाच बँकरोल पुरत नाही. चार टेबलं मग फक्त चौपट वेगाने रिकामं करतात.

तिजोरी कुणाची?

हा मुद्दा लोक विसरतात. वॉलेटमधला आकडा म्हणजे खिशातला पैसा नव्हे. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकन सरकारने मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली. त्यातल्या फुल टिल्टकडे खेळाडूंना परत द्यायला पुरेसा पैसाच नव्हता. फर्ग्युसन त्याच कंपनीच्या संचालकांपैकी एक होता. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे मिळायला २०१४ उजाडलं. बँकरोलचे सगळे नियम पाळणारेही त्यात अडकले.

आपल्याकडेही दार अचानक बंद झालेलं आहे. ५ ऑक्टोबर २०२१ ला कर्नाटकात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी लागू झाली. १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मग २२ ऑगस्ट २०२५ ला केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा भेदच त्यात उरला नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण परदेशी साइटवर पैसे अडकले, तर दाद मागणार कुणाकडे?

मग करायचं काय?

खेळाची आवड असेल तर फुकट चिप्सवर खेळा. चार टेबलं उघडा, प्रत्येक डाव वहीत मांडा, आपला दर किती घसरतो ते बघा. हा अभ्यास फुकटात होतो. गोव्यातल्या कसिनोत बसायचं असेल तर ठरलेली रोख रक्कम न्या, कार्ड खोलीवर ठेवा आणि एकाच टेबलावर बसा. ऑनलाइनसाठी भारतात आजचा योग्य बँकरोल किती? शून्य रुपये.

आणि आधीच कर्ज झालं असेल, तर ते "जिंकून फेडू" म्हणू नका. चढउताराचं गणित कर्जदाराच्या बाजूने कधीच नसतं. घरी सांगा, हप्ते बांधून घ्या. आणि खेळ सुटतच नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!