वकिलाला ऐकताही यावे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण कुणी बांध कोरला की आपण सातबारा खिशात घालून तीच पायरी चढतो. तालुक्याच्या कोर्टाबाहेर इतके काळे कोट दिसतात, त्यातला धरायचा कोणता?

दुकानदार जाहिरात करतो, वकिलाला ती मुभा नाही. बार कौन्सिलच्या नियमांत जाहिरात आणि पक्षकार गोळा करणे, दोन्ही वर्ज्य. पाटीसुद्धा बेताचीच हवी. मग त्याचा धंदा चालतो कशावर? एसटीत, बाजारात तुम्ही जे बोलता त्यावर. "त्यांच्याकडं जा, नीट ऐकून घेत्यात."

आता एक उदाहरण बघा. भावकीतल्या कुणी शेताची वाट अडवली. तुम्ही वकिलापुढे आजोबांपासून सुरुवात करता. घाईतला वकील म्हणतो, "मुद्द्याचं बोला," आणि तुम्ही गप्प होता. जाणता वकील चहा मागवतो, सगळे ऐकतो आणि हळूच विचारतो, "वाट नक्की अडवली कधी?" कारण १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागायची, तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पाहुण्यांकरवी समेट करण्यात चार महिने गेले, हे माणूस लाजेने सांगत नाही. ते काढून घेणे हे कायद्याच्या पुस्तकात नसते, आणि ते न निघाल्याने माणसे दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालतात.

गोड बोलणे म्हणजे ही कला नव्हे हं. "दावा शंभर टक्के आपलाच" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. आणि जिंकलेल्या जमिनीत हिस्सा मागणारा तर सरळ नियमच मोडतो.

तडजोडीचेही तसेच. दोन भावांना एका टेबलाशी बसवायला बोलण्याचे कसब लागते. लोकअदालतीत कोर्टातला दावा मिटला तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते, निवाड्यावर अपीलही नसते. तारखांवर तारखा पडण्यातच ज्यांची चूल पेटते, ते मात्र हे सांगायला विसरतात.

फीची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना सातबारा, फेरफाराच्या नकला आणि वाट अडवल्याची तारीख कागदावर लिहून न्या. पैसे दिले की पावती मागा. चांगला वकील त्याचा राग मानत नाही.